मधली तार

आमच्या घरचा शक्तिमान ट्रक मूळचा लष्कराचा. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने हे ट्रक जबलपूरला बनत. 1996 मध्ये ते बनणं थांबलं. अब्बांनी तो लिलावाचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला. पुढच्या चाकांनाही इंजिनची ताकद मिळते, म्हणून चिऱ्याच्या खाणीतला चढ तो भरल्या अंगाने चढतो. अब्बा आजारी पडले तेव्हा भाईने दहावीनंतर शाळा सोडली. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. माझं बीएड त्या ट्रकवर झालं.

गेल्या मे महिन्यात डॅशबोर्डखालून धूर आला. भाईने इंजिन बंद केलं, तरी तारा जळतच राहिल्या. बॅटरीचा प्रवाह तोडायला स्विचच नव्हता. जुना कटऑफ आतून झिजल्यावर कुणीतरी तो काढून केबल थेट जोडून दिली होती. टर्मिनल सैल होतं म्हणून भाईने ओढल्यावर केबल निघाली, पण तळहाताची कातडी गेली.

मी सुट्टीत घरी होतो. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून भाई स्टुलावर बसला आणि पाना पहिल्यांदाच माझ्या हातात आला.

"आधी मायनस सोड. जोडताना मायनस शेवटी."

कारण गाडीची बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस न सोडता प्लसला पाना लावला आणि तो बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला तेवढी ठिणगी पुरते.

पेटीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, एकीला एक जोडून चोवीस व्होल्ट. एक पूर्ण मेलेली, दुसरीतलं पाणी आटलेलं. दोघींच्या मधून एक बारीक लाल तार निघाली होती. टेप, पंखा, मोबाईल, बारा व्होल्टवर चालणारं सगळं तिच्यावर.

मी भाईला वर्गात सांगावं तसं सांगू लागलो. ही तार एकाच बॅटरीतून घेते. अल्टरनेटर मात्र दोघींना सारखंच भरतो. मग एक कायम उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून तिचं पाणी उडतं.

भाई म्हणाला, "एकीवरच भार टाकला तर ती आधी जाणारच ना."

तो बॅटरीबद्दलच बोलत होता. माझी मान मात्र वर झाली नाही.

दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच दिवशी बदलल्या. जुनी-नवी जोडी लावली तर नवीही लवकर जाते. मधली तार काढून चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवला. नवा कटऑफ मायनसच्या केबलवर, पेटीला लागून, खाली उभं राहून हात पोचेल असा. "इंजिन चालू असताना हा फिरवायचा नाही," भाईने बजावलं. बॅटरी अचानक तुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जळतात.

दुकानात मी पाकीट काढलं. भाई म्हणाला, "बॅटऱ्या दोन आहेत. एकीचे तू दे."

संध्याकाळी त्याने डाव्या हाताने स्विच बंद केला. त्या दिवशी त्याला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. इथे लिहिलं, पण तो असलं काही वाचत नाही. या ईदला समोर बसून सांगेन, इन्शाअल्लाह.