जॅझ कुठून सुरू करावं?

गझल पहिल्यांदा ऐकणारी मुलं घाबरतात, कळेल की नाही म्हणून. जॅझकडे वळणाऱ्या तरुणांचंही तसंच होतं.

त्यांनी माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्ल्यू'पासून सुरुवात करावी. १९५९चा अल्बम, पाचच रचना. 'सो व्हॉट'मध्ये बास काहीतरी विचारतो, बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. मग ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन, पियानो एकेक करून आपलं म्हणणं मांडतात. गझलेसारखंच हे: जमीन सगळ्यांची एक, शेर ज्याचा त्याचा. एकदा फक्त बासकडे कान द्या, दुसऱ्यांदा ट्रम्पेटकडे.

माझी अकरावीतली भाची म्हणाली, "मामू, मैत्रिणी म्हणतात हे आपल्यातलं नाही." मी म्हटलं, "बेटा, हे मुळात न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांचं. पण १९३०च्या दशकात ते मुंबईच्या ताजमध्ये वाजत होतं. पुढे गोवेकर वादकांनी ते हिंदी सिनेमात आणलं. तुझी नानी त्यावरच तर ठेका धरायची!"

नंतर अहमद जमाल ऐका. पिट्सबर्गच्या या पियानोवादकाने तरुणपणीच इस्लाम स्वीकारला. दोन सुरांमधली मोकळी जागाही ते बोलकी करत. माइल्सही त्या शांततेवर फिदा होते. ती ऐकू येऊ लागली, की भीती गेली समजा.