दोनच इंच तर वाढवायचेत!

आपल्या सीमाभागाच्या आठवणी वाचताना रझाकार, मैलारची जत्रा, वेळाअमावस्या, भालकी-उदगीरचा प्रवास असं बरंच काही येतं. भाकरीच्या हिशोबावर मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून आज ते लिहिते. जरा लांब आहे, पण घरात बाजारहाट करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आपल्याकडं भाकर नगावर विकतात. ज्वारी तोलून घेतो, पीठ तोलून दळून आणतो, पण त्याच पिठाची भाकर झाली की ती मोजून द्यायची. बिदरला जा, हुमनाबादला जा, आळंदला जा, खानावळीत विचारतात तेही "किती भाकरी?" असंच. ती केवढी असेल ते करणारीच्या हातावर आणि मालकाच्या मनावर.

आमचं गाव भालकी तालुक्यात. वडील तूरडाळीच्या मिलमध्ये हमाली करायचे, म्हणून आम्ही गुलबर्ग्याला आलो. कलबुर्गी हे नाव सरकारी कागदावर २०१४ साली आलं. आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे. पुढं वडिलांची पाठ धरली, पोती उचलणं बंद झालं, आणि आईनं भाकरी करून द्यायला सुरुवात केली. कडक भाकरी. कन्नडमध्ये जोळद रोट्टी म्हणतात त्याच. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. आठ-पंधरा दिवस टिकते.

१९९६ च्या सुमाराची गोष्ट. आई एका खानावळीला रोज दीडशे भाकरी द्यायची. पहाटे चारला चूल पेटायची. दर साठ पैसे नग. दिवसाला नव्वद रुपये. ज्वारी आणि दळण मिळून किलोला सहा रुपये पडायचे आणि एका किलोत पंचवीस भाकरी व्हायच्या. म्हणजे सहा किलो पीठ, छत्तीस रुपये. उरले चोपन्न. त्यातून सरपण, आणि मग आम्ही पाच माणसं. खोलीचं भाडं महिन्याला अडीचशे.

एक दिवस खानावळीचे मालक स्वतः घरी आले, हातात स्टीलचं ताट. म्हणाले, "अक्का, गिऱ्हाईक म्हणतंय भाकर बारकी आहे. ह्या ताटाएवढी द्या. स्वल्प दोड्डदु माड्री. दोनच इंच तर वाढवायचेत. मी फुकट नाही म्हणत, दहा पैसे जास्ती देतो. सत्तर."

ऐकायला चांगलं वाटतं की नाही? दीडशे भाकरीला रोजचे पंधरा रुपये वाढले. शेजारच्या दोघी जणी त्याच खानावळीला भाकरी द्यायच्या, त्यांनी तिथल्या तिथं हो म्हटलं. आई म्हणाली, "अण्णा, ताट ठेवून जावा. उद्या सांगते."

मी तेव्हा आठवीत होते. गावी मराठी शाळा, गुलबर्ग्यात कन्नड. गणितातले शब्द दोन्हीकडचे डोक्यात असायचे. मराठीतलं वर्तुळ कन्नडमध्ये वृत्त, व्यास दोन्हीकडं व्यासच. त्रिज्येचं कन्नडमध्ये त्रिज्य होतं. क्षेत्रफळाला तिकडं विस्तीर्ण म्हणायचं. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, हे तेव्हा नुकतंच पाठ झालेलं. मी कंपासपेटीतली पट्टी काढली. आईची नेहमीची भाकर आठ इंच भरली, ताट दहा इंच.

आई तिकडं काठवटीत पीठ घेऊन बसली होती. मला विचारलं, "काय लिवलालीस गं?" म्हटलं, भाकरीचं क्षेत्रफळ काढते. ती म्हणाली, "काढ. मी बी काढते."

तिनं एक किलो पीठ मोजून घेतलं, आधणाचं पाणी घातलं, मळलं आणि ताटाएवढ्या भाकरी थापायला लागली. जाडी तीच ठेवली, नेहमीसारखी पातळ. सोळावी भाकर थापली आणि पीठ संपलं. पंचवीसच्या जागी सोळा!

माझ्या वहीतही तेच आलं होतं. आठाचा वर्ग चौसष्ट, दहाचा वर्ग शंभर. जेवढ्या पिठात चौसष्टवाल्या पंचवीस होतात, तेवढ्यात शंभरवाल्या सोळा. गुणून बघा: चौसष्ट गुणिले पंचवीस सोळाशे, शंभर गुणिले सोळा सोळाशेच. ती पिठानं मोजत होती, मी पट्टीनं.

इथं एक गंमत सांगते, कारण पुष्कळांना पायचं नाव काढलं की घाम फुटतो. दोन गोल वस्तूंची तुलना करताना पाय लागतच नाही. दोन्हीकडं तो सारखाच असतो, म्हणून निघून जातो. त्रिज्याही काढायची गरज नाही. व्यासाला व्यासानं गुणायचं, बस्स. आठ आठे चौसष्ट, दहा दाहे शंभर. आपली नजर मात्र आठ आणि दहा एवढंच बघते, म्हणजे पाव पट वाढ. पिठाचा खर्च दीडपटीच्या वर गेलेला असतो.

आता पैशाचं बघा. एका किलोच्या पंचवीस भाकरी साठ पैशांनी गेल्या तर पंधरा रुपये येतात. त्याच किलोच्या सोळा भाकरी सत्तर पैशांनी गेल्या तर अकरा रुपये वीस पैसे. दर वाढला आणि किलोमागं जवळजवळ चार रुपये कमी झाले. दीडशे भाकरी द्यायच्याच म्हटलं तर सहा किलोच्या जागी नऊ किलो तीनशे पंचाहत्तर ग्रॅम पीठ. पिठाला रोज सव्वावीस रुपये जास्ती आणि हातात पंधरा. म्हणजे रोज सव्वापाच रुपये पदरचे, महिन्याला दीडशेच्या वर. अर्ध्याहून जास्त भाडं! शिवाय सरपण वेगळं. आमच्या तव्यावर दहा इंचाची भाकर कडेला कच्ची राहायची, म्हणून ती फिरवत बसायला लागायचं. मोठी भाकर उचलताना मोडायची तीही आईच्याच माथी.

दुसऱ्या दिवशी मालक आले. आईनं दोन चवडी मांडून ठेवल्या होत्या, एक पंचवीसची, एक सोळाची. म्हणाली, "अण्णा, दोन्ही एकेक किलोच्या हाईत. ह्याचे तुम्ही पंधरा देता. ह्याचे बी पंधराच द्या. मग नगाला किती पडले ते तुम्हीच बघा." चौऱ्याण्णव पैसे पडतात. आई पंचाण्णव म्हणाली.

मालक हसले, म्हणाले भाकरीला कुणी रुपया देतं का? ताट उचलून गेले. तीन दिवस आमच्याकडून माल गेला नाही. ते तीन दिवस घरात कुणी फार बोललं नाही. वडील एकदाच म्हणाले, "घ्यायचे होते सत्तर." आई काही बोलली नाही. केलेल्या भाकरी तिनं गल्लीत सुट्या विकल्या, काही आम्हीच खाल्ल्या.

चौथ्या दिवशी खानावळीतला पोरगा आला. जुनीच भाकर, आठ इंची, पासष्ट पैसे. आई हो म्हणाली. पाच पैसेच वाढले, पण ते खरे वाढले. शेजारच्या दोघींना तिनं चवडी दाखवून सगळं समजावलं. एक जण परत लहान भाकरीवर आली. दुसरी म्हणाली, "मला रोज हातात रोकड दिसाया पायजे, अक्का." तिची अडचण तिला ठाऊक. ती मोठ्याच भाकरी देत राहिली.

मी पुढं शिकले आणि शिक्षिका झाले. आता बिदर जिल्ह्यातच माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वर्तुळाचा धडा आला की मुलांना एक गोष्ट हटकून सांगते. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यात कागिणा नदीवर मळखेड आहे. आज तिथं पडका किल्ला दिसतो, पण नवव्या शतकात तीच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट होती. राजा अमोघवर्ष नृपतुंग. याच राजाची स्तुती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथाच्या सुरुवातीला केली आहे. त्यात वर्तुळाचं क्षेत्रफळ दोन तऱ्हांनी दिलंय. व्यवहारापुरतं काढायचं तर व्यासाच्या निम्म्याचा वर्ग करून तिप्पट करायची. सूक्ष्म हवं तर तीनच्या जागी दहाचं वर्गमूळ घ्यायचं. पुढं ११५० साली भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ढोबळ कामाला बावीस सप्तमांश दिले आणि सूक्ष्म कामाला ३९२७ भागिले १२५०.

मुलं विचारतात, मग खरं कोणतं? मी म्हणते, विहीर बांधायची असेल तर सूक्ष्म धरा. पण दोन भाकरींत कुठली परवडते एवढंच बघायचं असेल तर तीन घ्या, बावीस सप्तमांश घ्या, काहीही घ्या, उत्तर तेच येतं. फक्त दोन्हीकडं एकच धरा.

हल्ली मुलांना भाकरीपेक्षा पिझ्झा जवळचा. मग पिझ्झ्याचंच उदाहरण देते. सात इंची आणि दहा इंची. सात साते एकोणपन्नास, दहा दाहे शंभर. म्हणजे दोन लहान पिझ्झे मिळून अठ्ठ्याण्णव, एका मोठ्यापेक्षा कमीच! समजा लहान एकशेवीसला आणि मोठा दोनशेवीसला आहे. दोन लहान घेतले तर दोनशेचाळीस जातात आणि पोटात किंचित कमीच पडतं. त्यात कडेची कोरडी पट्टी धरा. सगळीकडून एकेक इंच कड सोडली तर सात इंचीत मसाला-चीज पाच इंचांवरच असतं, म्हणजे एकोणपन्नासातले पंचवीस, जेमतेम निम्मं. दहा इंचीत आठावर असतं, शंभरातले चौसष्ट. घेणाऱ्यानं बहुतेक वेळा मोठाच घ्यावा. अर्थात खाणारी तोंडं असतील तर, उरलेलं टाकायचं असेल तर नाही.

विकणाऱ्याचं नेमकं उलटं. मोठं करून द्या म्हटलं की आधी वर्ग करायचा, मग तोंड उघडायचं.

एक सांभाळायचं. हे सगळं जाडी सारखी असेल तरच. पेपर डोसा ताटाबाहेर जातो, पण पीठ किती असतं त्यात? आणि पुरणपोळी लहान दिसली तरी पुरण दाबून भरलं असेल तर दोनमध्ये माणूस आडवा होतो. तिथं व्यास कामाचा नाही, तिथं तराजूच पाहिजे. आई म्हणायची, "गोल दिसतंय ते डोळ्याला, वजन असतंय ते पोटाला."

आता हे सगळं का आठवलं? जून २०२५ च्या 'मन की बात'मध्ये कलबुर्गीच्या रोट्टीचं नाव आलं. बायकांनी सहकारी संस्था काढून ज्वारीच्या रोट्टीचा ब्रँड केला आहे, रोज तीन हजारांहून जास्त रोट्ट्या होतात, बेंगळुरूपर्यंत जातात, ऑनलाइन मागणी येते. ऐकून बरं वाटलं. आपल्या गल्लीतल्या कामाला नाव मिळालं. आई आता पंच्याहत्तरीला आलीय. तिला मोबाईलवर ऐकवलं, तर तिनं पहिला प्रश्न काय विचारला? "नगाला देतात का किलोला? अन् केवढी करतात?"

आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकाही कडक भाकरीचं बघतायत. मागच्या महिन्यात त्यांच्या बैठकीला गेले होते. एका दुकानदारानं मोठी भाकर मागितलीय, दर थोडा वाढवून देतो म्हणाला. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. एक किलो पीठ मागवलं आणि म्हटलं, आधी ह्याच्या किती होतात ते बघा, मग दर बोला. त्यांनी वहीत आता तीन रकाने केलेत: किलोत किती नग, नगाचा दर, किलोचे किती आले. तिसरा रकाना कमी झाला तर ऑर्डर घ्यायची नाही, असं ठरलंय.

मंडळी, तुमच्या गावाकडं भाकर कशी विकतात? औराद, बसवकल्याण, चिंचोळी, उमरगा, निलंगा, सगळीकडचं सांगा. एका किलोत किती काढतात आणि नगाला काय मिळतं, तेवढं लिहा. आईला वाचून दाखवणार आहे.