जुनी पिन

बुलढाण्याहून मलकापुरास जातांना, राजूर घाटांत आमच्या जुन्या मोटारीचें स्टिअरिंग सैल लागूं लागलें. मागें नातवंडें बसलेलीं! टाय-रॉडच्या टोकांचे सांधे झिजले होते. पुतण्यासह आम्हीं अंगणांतच नवे बसविले. जुनें टोंक जितक्या फेऱ्यांनीं निघालें, तितक्याच फेऱ्यांनीं नवें चढविलें; म्हणजे चाकांची दिशा फारशी बिघडत नाहीं. स्प्लिट पिन मात्र जुनीच सरळ करून घालावी, असें आमच्या मास्तरी काटकसरीनें सुचविलें.

"काका, एकदां वाकविलेली पिन पुन्हां वाकविली कीं तुटते. नट सुटला तर चाक आपलें ऐकणार नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. नवी पिन आणविली. मागाहून अलाइनमेंटही तपासून घेतलें. जन्मभर मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या. आमची चूक घरच्याच मुलानें दाखविली, याचें समाधानच वाटलें.