झाकण उघडं ठेवून

बंद पडलेला मिक्सर घेऊन माझ्या काउंटरवर येणारं गिऱ्हाईक निम्मं हरलेलं असतं. चटणी राहिलेली, डबा चुकलेला, घरात कुणीतरी कुणाला तरी बोललेलं. आत काय बिघडलंय ते त्याला दिसत नाही; मला आवाजावरून आणि वासावरून बऱ्यापैकी कळतं. माझ्या धंद्याचं खरं भांडवल एवढंच. मल्टिमीटर, मेगर, पुलर, सोल्डरिंग गन या सगळ्यांची बेरीज केली तरी फार मोठा आकडा होत नाही. कमाई होते ती झाकणाखालच्या वीतभर अंधारावर.

मिक्सर चालता चालता थांबला, तर आधी तळाचं लाल बटण दाबून बघायचं. डाळ जास्त भरली, मोटर तापली, ओव्हरलोड उडाला. थंड झाल्यावर बटण आत गेलं की काम झालं, पार्ट काहीच लागत नाही. आतून ठिणग्या दिसत असतील तर बहुधा कार्बन झिजलेले असतात, आणि कार्बनची जोडी स्वस्त मिळते. पण याच गिऱ्हाइकाला ‘आर्मेचर गेलं’ असंही सांगता येतं. पंखा हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर. शिडी, टेस्टर, दहा मिनिटं. त्याच पंख्याला ‘वाइंडिंग जळली’ म्हटलं की पंखा खाली उतरतो, दोन दिवस दुकानात झोपतो आणि बिल कितीतरी पटीने फुगतं. त्यातही कुणी तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियमची तार भरतो. वार्निश चढल्यावर गिऱ्हाइकाला काय फरक कळणार?

माझं दुकान बोरिवली पश्चिमेला, आय. सी. कॉलनीच्या वाटेवर. आणि मी सेक्युलर फ्रान्सिस्कन आहे. म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या परिवारातला संसारी माणूस. झगा नाही, मठ नाही, ब्रह्मचर्य नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७८ साली मंजूर केलेली नियमावली आहे, महिन्याची बैठक आहे, आणि गळ्यात टी अक्षराच्या आकाराचा लाकडी क्रूस. तो क्रूस पाहून एखादं ओळखीचं गिऱ्हाईक विचारतं, “काका, तुमचा संत गरिबीवाला ना? मग लेबर चार्ज एवढा कसा?” दोघंही हसतो. पण प्रश्न मोडीत काढण्यासारखा नाही.

फ्रान्सिस कापडवाल्याचा मुलगा. बाप पिएत्रो बर्नार्दोने, असिसीतला पैसेवाला व्यापारी. सान दामियानोच्या पडक्या देवळात प्रार्थना करताना पोराला आपलं घर दुरुस्त करण्याचा आदेश ऐकू आला, आणि त्याने तो गवंड्याच्या कानाने ऐकला. नंतरच्या विद्वानांनी सांगितलं की आदेश अख्ख्या ख्रिस्तसभेबद्दल होता. असेलही. याने आधी बापाचं कापड विकून पैसे आणले. तिथल्या धर्मगुरूने ते घेतले नाहीत. मग बापाशी तंटा, बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत करणं. आणि मग गावात दगड मागत हिंडून स्वतःच्या हाताने भिंती रचल्या. आधी सान दामियानो, मग सान पिएत्रो, मग पोर्झिउंकोला. संतपणाची सुरुवात दुरुस्तीच्या कामाने झालेली! आम्हा मेकॅनिक लोकांना याहून मोठा माणूस आपल्यात ओढता यायचा नाही. इकडे तुकोबाही वाण्याच्या घरातले, आणि त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात. देण्याघेण्याच्या वह्या लहानपणापासून घरात पाहिलेल्यांनाच त्यांचं वजन कळत असावं.

१२२१ सालच्या फ्रान्सिसच्या नियमात कामावर एक प्रकरण आहे. ज्याला जो धंदा येतो त्याने तो करावा. धंद्याची हत्यारं जवळ ठेवायला मुभा. कामाच्या बदल्यात गरजेचं काहीही घ्यावं, पैसा मात्र घेऊ नये. आणि दुसऱ्याच्या घरी कामाला असताना त्याच्या कोठारावर किंवा कारभारावर बसू नये, घरातल्या सगळ्यांपेक्षा खालचं राहावं. पैशाची अट आम्हा संसारी लोकांना नाही. असती तरी लाइटबिल कांद्याबटाट्यांत भरून घ्यायला कुणी तयार झालं नसतं. हत्यारांची मुभा वाचून मला दर वेळी बरं वाटतं. (काम न करता फक्त जेवायला येणाऱ्या एका बंधूला फ्रान्सिसने ‘माशी’ म्हणून हाकलून दिलं होतं, त्यानेही.) पण मी अडकलो ते कोठारापाशी. दुसऱ्याला हवं असलेलं आणि फक्त आपल्या ताब्यात असलेलं जे काही असेल, ते कोठार. माझ्याकडे असं एकच आहे: आत काय बिघडलंय ही माहिती. गरिबी पाळायची तर मला ती सोडावी लागते. खिशात किती आहे ही गोष्ट नंतरची.

म्हणून माझ्या दुकानात वस्तू गिऱ्हाइकासमोर उघडायची, असा रिवाज आहे. ‘ठेवून जा, संध्याकाळी फोन करतो’ हे वाक्य मी टाळतो. बूड उघडायचं, दिवा जवळ घ्यायचा, झिजलेला कार्बन बाजूला काढून नव्याशेजारी ठेवायचा. मल्टिमीटरचा काटा कुठे जायला हवा आणि कुठे अडतोय ते बोटाने दाखवायचं. पार्टचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, दोन्ही बोर्डवर लिहिलेले. जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात. नुसतं लाल बटण दाबून काम झालं तर बटण कुठे आहे ते दाखवायचं, म्हणजे पुढच्या वेळी तो माणूस येणार नाही.

तो खरंच येत नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. समोरच्या मावशींना पंख्याचा कंडेन्सर ओळखायला शिकवलं, त्यांनी सगळ्या मजल्याला शिकवलं. आता त्या मजल्यावरून मला फक्त अवघड कामं येतात. काही जणांचा तर उघड्या झाकणावर विश्वासच बसत नाही. एवढं सोपं असेल तर हा पैसे कसले घेतो, म्हणून दुसऱ्या दुकानात जातात आणि तिथे मोठं बिल भरून समाधानाने घरी येतात. अशा लोकांचा राग येतो. फ्रान्सिसला आला नसता, मला येतो.

फुकट मात्र मी काम करत नाही. आमच्या बैठकीत यावरून वाद होतो. एक आंटी म्हणतात, म्हाताऱ्या बायकांकडून पैसे घेणं कसंतरी वाटतं. माझं म्हणणं असं, की फुकट दुरुस्त केलेला मिक्सर आठवड्यात पुन्हा बंद पडला तर ती म्हातारी कोणत्या तोंडाने भांडायला येणार? पैसे दिलेत तर ती काउंटरवर मूठ आपटून मला चार शब्द सुनावू शकते. तो तिचा हक्क मी धर्मादाय करून काढून घेतो. फुकट देणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो, आणि नियम तर खालचं राहायला सांगतो. बोर्डवरची मजुरी हा त्यातला मला सापडलेला मधला मार्ग. आंटींना तो अजून पटलेला नाही.

उघड्या झाकणाचा धडा मला ज्यांनी दिला त्यांनी फ्रान्सिसचं नाव ऐकलं नसावं. अंधेरी पूर्वेला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद पाच वेळचे नमाजी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत चिखलाने भरलेल्या मिक्सर-पंख्यांची रांग लागली. भाव दुप्पट-तिप्पट करण्याची ती वेळ होती, आणि करणाऱ्यांनी केले. उस्ताद स्टुलावर उभे राहून आल्यागेल्याला ओरडून सांगत होते: प्लग लावू नका, चालू करून बघू नका, आधी गोड्या पाण्याने चिखल धुवा, मग शंभर वॅटच्या बल्बखाली दोन-तीन दिवस सुकवा, मगच माझ्याकडे आणा. निम्म्या मोटरी लोकांनी घरीच वाचवल्या. उरलेल्या आम्ही मेगर लावून तपासल्या, वार्निश मारलं, नेहमीचाच भाव घेतला. मी विचारलं तर म्हणाले, पानी सबके घर में आया था. पुढे काही बोलले नाहीत.

आता मंडपेश्वर. बोरिवलीत फ्रान्सिसचं नाव घ्यायचं तर तिथे जावंच लागतं, आणि मी हा विषय टाळणाऱ्यांपैकी नाही. हे हजार वर्षांहून जुनं शैव लेणं. आत नटराज आहे, शिवपार्वतीचा विवाह आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या फ्रान्सिस्कन साधूंनी, त्यांच्यात फादर आंतोनियो दो पोर्तो हे नाव पुढचं, या लेण्याचं प्रार्थनामंदिर केलं आणि वर चर्च व कॉलेज बांधलं. आश्रय राजाचा. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली, आणि वरच्या चर्चच्या आज नुसत्या भिंती उभ्या आहेत. आय. सी. कॉलनीचं नाव त्याच परंपरेतल्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून आलं. माझ्या आजोबा-पणजोबांचा धर्मही त्याच वाटेने आला. त्यामुळे ‘ते वेगळे, आम्ही वेगळे’ असं म्हणून मला हात झटकता येत नाहीत.

रविवारी मिसा झाली की कधी कधी लेण्यात जाऊन बसतो. शेजारी मुलं क्रिकेट खेळत असतात. १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असताना फ्रान्सिस दमिएताजवळ शत्रूच्या छावणीत निःशस्त्र गेला, सुलतान अल-कामिलला भेटला आणि सुखरूप परत आला. त्यानंतर दोनच वर्षांनी लिहिलेल्या नियमात त्याने मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना सांगून ठेवलं, की वादविवाद करू नये, भांडू नये, देवासाठी प्रत्येक माणसाच्या अधीन राहावं. आणि सव्वातीनशे वर्षांनी त्याचाच झगा घातलेली माणसं इथे दुसऱ्याच्या गाभाऱ्यात राजाच्या बळावर जाऊन बसली. त्यांनी मुलांना शिकवलं, त्यांना खाऊ घातलं, त्यातल्या बऱ्याच जणांचा हेतू स्वच्छ असणार. पण कोठाराची किल्ली हातात होती. नियमातली बाकीची सगळी कलमं पाळूनही ते एक कलम सुटलं की काय होतं, ते या भिंतीवर दिसतं.

लेण्याच्या जवळच माउंट पोयसरवर दुसरे फ्रान्सिस्कन आहेत: जर्मन ब्रदर पाउलुस मॉरिट्झ यांनी १९०१ साली स्थापलेल्या संघाचे मिशनरी ब्रदर. हे धर्मगुरू होत नाहीत, वेदीवर मिसा करत नाहीत, ब्रदरच राहतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांची शाळा आहे, आणि १९९९ पासून इंजिनिअरिंग कॉलेजही. तिथली मुलं प्रोजेक्टसाठी माझ्याकडे जळक्या मोटरी मागायला येतात. देतो. स्क्रू उलटा फिरवून झाकण काढता येत नाही अशी दोन-तीन दर वर्षी असतात, पण चौथ्या दिवशी तीच मुलं मला न येणारं काहीतरी दाखवून जातात.

त्याची गरजही पडते, कारण आता वस्तूच झाकण न उघडणाऱ्या यायला लागल्यात. चार्जर चिकटवलेला. स्क्रूचं डोकं तिकोनी, माझ्याकडे त्याचा पाना नसावा याच हेतूने. नव्या बीएलडीसी पंख्यांच्या काही बोर्डांवर रेझिन ओतलेलं. एक पार्ट गेला की अख्खा बोर्ड बदला. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, चांगलं केलं, पण त्यामुळे रेझिन वितळत नाही. कोठार आता कंपनीकडे गेलं, आणि माझ्या जातीचे लोक गिऱ्हाइकाच्याच रांगेत येऊन उभे राहिले.

तरी याच पंख्याने मला पेचात टाकलं. जुना छताचा पंखा पंच्याहत्तर वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी तीसच्या आसपास. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक, ज्याचं नाव संत फ्रान्सिसच्या सृष्टिस्तोत्रातून घेतलं, आमच्या बैठकीत वर्षभर वाचलं. आता जुना पंखा पुन्हा बांधून देणं हे वसुंधरेची काळजी घेणं, की विजेची उधळपट्टी? मी हिशेब मांडला. पंचेचाळीस वॅटचा फरक. हॉलमधला पंखा रोज अठरा तास चालत असेल तर वर्षाला जवळजवळ तीनशे युनिट. पाहुण्यांच्या खोलीतला रोज तासभर, तर सोळा-सतरा युनिट. म्हणून मी विचारतो, पंखा कुठल्या खोलीतला? हॉलमधला जळला असेल तर वाइंडिंगचे पैसे वाचवा आणि नवा घ्या, असं सांगतो. पाहुण्यांच्या खोलीतला मी बांधून देतो, तो अजून वीस वर्षं जाईल. माझी बायको म्हणते, गिऱ्हाइकाला परत पाठवायला दुकान कशाला काढलं?

दुकानही आता राहील असं नाही. इमारत पुनर्विकासाला चालली आहे. मी पागडीवाला भाडेकरू; नव्या इमारतीत मला मालकीचा गाळा मिळणार आहे. आयुष्यात प्रथमच काहीतरी माझ्या नावावर होईल, आणि त्याचा महिन्याचा मेंटेनन्स माझ्या आजच्या भाड्याच्या कितीतरी पट असेल. बैठकीत दोघा-तिघांनी सुचवलं, भाड्याने दे, बसून खा. बसून खाणाऱ्या माशीची गोष्ट त्यांनीही वाचलेली आहे, तरी सुचवलं. वयाचा विचार करून सुचवलं असणार. अजून ठरलेलं नाही.

मात्र नकाशा बघितल्यावर एका गोष्टीसाठी मी अडून बसलो आहे. नव्या गाळ्यांना पुढून काच आणि एसी. म्हणजे गिऱ्हाईक बाहेर, मी आत. मला फुटपाथकडे तोंड करून उघडा काउंटर आणि वर-खाली होणारं शटर हवं आहे. आर्किटेक्ट म्हणतो, एलेव्हेशन बिघडतं. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय अजेंड्यावर घेतलाय, पण पार्किंगच्या खाली, आणि आमच्याकडे पार्किंगवरचं भांडण संपून पुढचा विषय निघाल्याचं कुणाला आठवत नाही.