गोश्त खातो, मग बी-१२ कमी कसं?

आमची अम्मी दहा वर्षांपासून शुगरसाठी मेटफॉर्मिन घेते. पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा उत्तर मिळालं, "शुगरमुळेच." बी-१२ तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही, गोश्त खाणाऱ्यांना ते कमी कसं पडेल? पण ही गोळी वर्षानुवर्षं घेतली, की काहींच्या आतड्यातून बी-१२ नीट शोषलं जात नाही. ताटात असतं, अंगी लागत नाही. मुंग्या दोन्हींमुळे येतात, म्हणून रक्त तपासायला हवं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना हेच बजावलं. आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण असतं, तसं पांढरकवड्यासारख्या तालुक्यांतल्या डॉक्टर-नर्सनाही यावर मिळावं. तोवर आपणच विचारू या, "डॉक्टरसाहेब, बी-१२ बघायचं का?" उशीर झाला, तर नसा पूर्ववत होतीलच असं नाही.