फुकटचे, पण बेवारशी नव्हे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील शहाद्याला ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतात. ट्रॅक्टरवर नाव एकाच कंपनीचे असते. पण आत बेअरिंग एकाचे, पंप दुसऱ्याचा, ऑइल सील तिसऱ्याचे, हे मी त्यांच्या हाताशी पाने-पकडी देता देता शिकलो. सॉफ्टवेअरचेही तसेच असते, हे मात्र कॉलेजात आल्यावर कळले.

मी कला शाखेचा विद्यार्थी. हा लेख मी लिब्रेऑफिसमध्ये लिहिला. त्यात ‘क्ष’ किंवा ‘श्री’ उमटते तेव्हा ती जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ नावाचे दुसरेच सॉफ्टवेअर करते. तेच फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइड फोनातही आहे. त्याची घडण कोणीही पाहावी, आपल्या कामात जोडून घ्यावी, अशी मोकळीक कर्त्यांनी दिली आहे; मोबदला काही नाही. आणि यात गैर ते काय? ट्रॅक्टर बनवणाऱ्याने बेअरिंगही स्वतःच घडवायचे ठरवले, तर पेरणी व्हायची कधी?

पण उसन्या भागातली खोट सर्वांच्या घरी पोहोचते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या भागात असे भगदाड सापडले की, विशिष्ट मजकूर धाडून परक्याला दूरच्या यंत्रावर आपला हुकूम चालवता येत होता. दुरुस्ती निघाली, ती अपुरी ठरली, त्याच महिन्यात पुन्हा काढावी लागली. तरी कित्येक कंपन्यांना आपल्या सॉफ्टवेअरच्या पोटात हा भाग आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते! कारण उसन्याच्या आतही उसने असते. भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. या रोगावरचा हा पहिला उपाय.

दुरुस्ती निघणे वेगळे आणि ती पोहोचणे वेगळे. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात ‘अपडेट करा’ ही सूचना जेव्हा जातो तेव्हा उमटलेली दिसते आणि लगेच मिटवलेलीही दिसते. त्याच संगणकावरून माझा शिष्यवृत्तीचा अर्ज जातो, शेतकऱ्यांचे सातबारे निघतात, पाड्यांवरच्या मुलांचे जातीच्या दाखल्याचे अर्ज भरले जातात. उद्या काही विपरीत घडले, तर नुकसान होईल ते ज्यांना ‘अपडेट’ हा शब्दही ठाऊक नाही त्यांचे.

आणि ही दुरुस्ती करतो तरी कोण? फाइली आवळून लहान करणारे एक्सझेड हे सॉफ्टवेअर जगभरच्या सर्व्हरांवर आहे. लासे कॉलिन या एका गृहस्थाने ते कित्येक वर्षे जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळले. मदतीला म्हणून आलेल्या, जिया टॅन असे नाव लावणाऱ्या कुणीतरी त्यात चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, म्हणून ती उघडी पडली. एवढ्या मोठ्या जगाची राखण कुणाच्या तरी खटकण्यावर!

मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण लिब्रेऑफिसच्या मराठी भाषांतराला स्वयंसेवक लागतात, आणि मराठी तर आपल्याला येते. या दिवाळीच्या सुट्टीत त्यातली शंभर वाक्ये तपासायचे मी ठरवले आहे. मित्रहो, कोणी सोबतीला येता का?

(द्वितीय वर्ष कला)