खोपीपर्यंतचा नेम

दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांवर घरामागून घराला कडी लागते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. जिथं ख्रिस्ती मंडळी आहे, तिथं पाळकाला रविवारी रिकाम्या सतरंज्या दिसतात. वहीत नावं तीच असतात, माणसं पाचटाच्या खोपीत. माझं म्हणणं असं की पाळकाच्या कामाची खरी पारख याच महिन्यांत होते. संदेश किती रंगला, वार्षिक सभेला माणूस किती जमलं, यावरून ती होत नाही. दिवसभर कोयता चालवून आलेलं जोडपं पाळक जवळ नसताना भाकरी मोडण्याआधी डोळे मिटतं का, शेजारच्या खोपीत ताप आलेल्या पोरासाठी उठून प्रार्थनेला जातं का, यावरून होते. मंडळी चालवणं म्हणजे माझ्या लेखी आपल्यामाघारी टिकणारा नेम लावून देणं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम पश्चिम खानदेशात, म्हणजे याच भागात, सुरू झालं. त्यातून मंडळ्या उभ्या राहिल्या. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आजही रोगी तपासतं आहे. हे ऋण मोठं आहे. पण त्याच काळात एक समजही मुरला की भक्ती म्हणजे घंटा वाजल्यावर इमारतीत, शिकलेल्या माणसानं चालवायची गोष्ट. लेकराशी मावची बोलीत भरभरून बोलणारी आई देवाशी मात्र पुस्तकी मराठीत बोलू लागते, दोन वाक्यांत अडखळते आणि ‘पाळकसाहेब, तुम्हीच करा’ म्हणून मोकळी होते. देवाला मावची कळते, हे तिला पटवणं आणि पटेपर्यंत आपण गप्प बसून वाट पाहणं, हे व्यासपीठावरच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा अवघड काम आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं ख्रिस्ती भक्तीला अभंगाची, भजनाची वाट करून दिली. अक्षर न ओळखणाऱ्यालाही गाणं पाठ होतं आणि पाठ झालेलं गाणं उसाच्या फडात सोबत जातं. वारकऱ्याच्या नित्यनेमाचं बळ ज्या मातीला ठाऊक आहे, तिथं हे वेगळं समजावून सांगायला नको होतं.

नेमानं भक्ती यांत्रिक होते, असा आक्षेप आमच्यातलेच उत्साही लोक घेतात. आत्म्याची प्रेरणा झाली की प्रार्थना करावी, वेळ कशाला ठरवायची? त्यांनी दानीएलाकडे बघावं. प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाला त्या दिवशी त्यानं नवं काही केलं नाही; आधीपासून दिवसातून तीनदा करत होता तेच केलं. संकटात उपयोगी पडला तो रोजचा सराव. नेम सुकतो हेही खरं आहे, पण तो सुकतो कुणी विचारपूस करत नाही म्हणून. 1742 मध्ये ब्रिस्टलला जॉन वेस्लीच्या लोकांनी इमारतीचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरवलं. बाराएक माणसांमागे एक जण घरोघर जाऊ लागला आणि पेनी घेता घेता कोणाच्या घरात काय चाललं आहे ते त्याला कळू लागलं. मेथडिस्टांची सगळी बांधणी पुढं या फेरीवर उभी राहिली. वर्गणी गोळा करणारा माणूस मेंढपाळ झाला तो दर आठवड्याला दार ठोठावल्यामुळं.

पोटाच्या मागं धावणाऱ्याला यासाठी सवड कुठं, हा दुसरा प्रश्न मला जास्त बोचतो. ज्यांची रात्रसुद्धा ट्रक भरण्यात जाते, त्यांच्याकडं तासभराची उपासना मागणं क्रूरपणाच आहे. पण मिझोराममधल्या बायका 1910 पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत. त्यासाठी त्यांनी वेगळी वेळ काढली नाही, चुलीचीच वेळ वापरली. नेम बेतायचा तो असा, जे काम चुकतच नाही त्याला बांधून. चूल पेटवताना एक वाक्य, कोयत्याला धार लावताना एक ओळ, पोराला झोपवताना डोक्यावर हात.

उरली शिकवणुकीची भीती. धर्मशास्त्र न शिकलेला माणूस ऊसतोडीच्या टोळीत प्रार्थना चालवील आणि भलतंच काही सांगील, असं वडील मंडळाला वाटतं. ही भीती खोटी नाही. पण बायबलातल्या उपदेशक अपुल्लोला जे अपुरं माहीत होतं ते प्रिस्किल्ला आणि अक्विला या राहुट्या शिवणाऱ्या नवराबायकोनं त्याला आपल्याकडं नेऊन नीट सांगितलं. टोळी पावसाळ्यात गावातच असते, चुकलेलं तेव्हा ओट्यावर बसून दुरुस्त करता येतं. सुरूच न झालेलं मात्र दुरुस्त करता येत नाही. आणि टोळीत हे काम नेमानं करणारी बहुतेक वेळा बाईच असते, वडील मंडळाच्या यादीत जिचं नाव नाही अशी. निघण्याआधीच्या रविवारी त्या बायांना पुढं बोलवावं, त्यांची नावं मोठ्यानं वाचावीत, सगळ्या मंडळीदेखत त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी. आणि त्या परतल्या की कुणाकुणाला ताप आला होता, कुणाचं बाळंतपण तिथंच झालं, हे आधी त्यांना विचारावं.